कलम चौदा आणि गच्चीवरची डिश

रविवारी सकाळी आमच्या टीव्हीचं चित्र गेलं आणि निळ्या पडद्यावर 'सिग्नल उपलब्ध नाही' अशी पाटी आली. एरवी मी या पाटीचं मनापासून स्वागत केलं असतं. आमच्या घरात शांतता नांदण्याचे जे दोन-तीनच मार्ग आहेत, त्यांतला हा एक. पण येत्या गुरुवारी दुपारी साडेचार वाजता त्याच टीव्हीवर माझी बायको दिसायची होती.

म्हणजे दिसायची सगळ्यांच्याच टीव्हीवर. जुने कपडे टिकवायचे कसे, असा बायकांसाठी एक कार्यक्रम असतो. त्यात हिला शिवणकामातलं काहीतरी करून दाखवायला बोलावलं होतं. काय दाखवलं ते मी विचारलं नव्हतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी मला ऑफिसात काम होतं, आणि संध्याकाळी ही घरी आली तेव्हा "बस वेळेवर मिळाली ना?" एवढंच माझ्या तोंडून निघालं. नवऱ्यांना अशा वेळी नेमकं बसचं का सुचतं, याचा कुणीतरी अभ्यास केला पाहिजे.

चॅनल छोटा. कार्यक्रम एकदाच दाखवणार, मागाहून कुठे ठेवणार नाही. आणि ते एकदाच पाहायला हिनं माझ्या वहिनीला, म्हणजे आपल्या जाऊबाईंना, आमच्या घरी बोलावून ठेवलं होतं. "शिवणकाम काय, कुणालाही येतं," असं वहिनी गेली अनेक वर्षं बोलत आली आहे. त्यामुळे गुरुवारी आमच्या बाहेरच्या खोलीत कसला निकाल लागायचा आहे, हे मला न सांगता कळलं होतं.

"गुरुवारपर्यंत होईल ना हो?" बायकोनं विचारलं. आवाज अगदी शांत होता. तिचा आवाज असा शांत झाला की मी लगेच वचन देऊन बसतो.

"गुरुवार? अगं, आज दुपारपर्यंत करतो," मी म्हणालो.

दुपारपर्यंत मी टीव्हीच्या पाठीवर दोनदा थापटलं, रिमोटचे सेल काढून पुन्हा तेच घातले, खालचा बॉक्स अकरा वेळा बंद-चालू केला आणि खोलीत इतक्या फेऱ्या मारल्या की बायकोनं सतरंजी उचलून ठेवली. शेवटी समोरच्या खोल्यांत राहणारे सल्लागारकाका आत आले. हे निवृत्त इंजिनियर. कसले इंजिनियर ते कुणालाच नक्की माहीत नाही, पण विषय कुठलाही असो, ते त्याच खात्यातून निवृत्त झालेले असतात.

"फोनवर बघा की," ते म्हणाले.

"म्हणजे जाऊबाईंना मी अंगठ्याएवढी दिसणार," बायको म्हणाली.

काकांनी तो मुद्दा सोडून दिला. टीव्हीकडे एकदा, खिडकीकडे एकदा पाहिलं आणि निदान केलं, "दोष वरती आहे. डिशमध्ये. आणि डिश मालकाची असते. कायदाच आहे तसा. जा आणि ठणकावून सांगा."

आमच्या मालकांना ठणकावून सांगणं ही सोपी गोष्ट नाही. ते तळमजल्यावर राहतात, आम्ही वर, आणि आमच्या वर गच्ची. मालकांची सगळी नोकरी कोर्टाच्या दफ्तरखान्यात गेली. माणूस स्वभावानं वाईट नाही, पण तोंड उघडण्याआधी कागद उघडतो. त्यांच्या स्वतःच्या घरी टीव्ही नाही. वस्तू ठेवली की दुरुस्ती आली, असं त्यांचं मत. मालकीणबाई मात्र रोज दुपारी जिना चढून आमच्याकडे टीव्ही पाहायला येतात, आणि ते मालकांना अधिकृतपणे माहीत नाही.

मी तक्रार सांगितली. मालकांनी कपाटातून आमचा भाडेकरार काढला. त्याला त्यांनी प्लॅस्टिकचं वेष्टण घातलं आहे.

"कलम चौदा," ते वाचू लागले, "भिंतीस, छतास अथवा कठड्यास स्क्रूने जोडलेली प्रत्येक वस्तू मालकाची व तिची देखभाल मालकाकडे. नुसती ठेवलेली प्रत्येक वस्तू भाडेकरूची व तिची देखभाल भाडेकरूकडे. आता सांगा. टीव्ही?"

"ठेवलेला."

"तुमचा. बॉक्स?"

"ठेवलेला. पण डिश गच्चीच्या कठड्याला चार स्क्रूंनी जोडलेली आहे," मी म्हणालो. आयुष्यात मी फार थोडे वाद जिंकलो आहे, त्यामुळे हा जिंकल्यावर चेहरा कसा ठेवायचा ते मला कळेना.

मालकांनी करार उलटसुलट करून पाहिला. "ती मी लावलेली नाही. तुमच्या आधीच्या बिऱ्हाडकरूंनी लावली आणि जाताना नेली नाही."

"पण जोडलेली आहे."

"हो, पण मी जोडलेली नाही."

जगात सख्खे भाऊ 'माझं, माझं' म्हणून कोर्टात जातात. आम्ही दोघं भले गृहस्थ अर्धा तास 'तुमचं, तुमचं' म्हणून भांडत होतो. अखेर मालक म्हणाले, "लेखी अर्ज द्या. विचार करू."

सोमवारी मी ऑफिसात अर्ज लिहायला घेतला. आमचं खातं टपालाचं, आवक आणि जावक. त्यामुळे हात सवयीनं चालला आणि मी वर जावक क्रमांक टाकून बसलो. तो क्रमांक नेमका साहेबांनी पाहिला. "डिशच्या मालकीबाबत? हे आपल्या कोणत्या शाखेचं प्रकरण?" त्यांनी विचारलं. खरं सांगितलं असतं तर हसं झालं असतं, म्हणून मी "चौकशी चालू आहे" म्हणालो. साहेबांनी मान डोलावली आणि प्रगतीचा अहवाल बुधवारी मागितला. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

संध्याकाळी मालकांनी अर्ज घेतला, त्यावर तारीख घातली, पोच दिली आणि उत्तर मिळायला सात दिवस लागतील असं सांगितलं.

"मालक, कार्यक्रम गुरुवारी आहे."

"अर्जात तसा उल्लेख नाही," ते म्हणाले. मी पाहिलं. खरंच नव्हता.

घरी आलो तर बायकोनं बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या टीव्हीकडे तोंड करून मांडून ठेवल्या होत्या. पाच खुर्च्या आणि समोर निळी पाटी. मला बघवेना. मी गॅलरीत गेलो, तिथून आत आलो, पुन्हा गॅलरीत गेलो.

"तुम्ही बसा बरं एका जागी," ती म्हणाली. "नाही झालं तर नाही झालं."

'नाही झालं तर नाही झालं' या पाच शब्दांचा अर्थ लग्न झालेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मंगळवारी मी अर्धी रजा टाकून टीव्ही मेकॅनिकला घेऊन आलो.

मेकॅनिक अबोल निघाला. गच्चीवर गेला, डिशच्या मागची वायर ओढून पाहिली आणि म्हणाला, "जोड गंजलाय. पाणी गेलंय आत. दहा मिनिटांचं काम."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यानं खिशातून एक कागद काढला. "इथं डिशच्या मालकाची सही लागेल. मागे एकाच्या डिशला हात लावला, मालक दुसराच निघाला, फार बोलला मला. तेव्हापासून सहीशिवाय हात लावत नाही."

"माझीच सही घ्या."

"डिश तुमची आहे का?"

आता 'हो' म्हणावं तर रविवारी जिंकलेला आयुष्यातला दुर्मिळ वाद हातचा जातो, आणि 'नाही' म्हणावं तर बायको जाते. मी विचार करत असतानाच सल्लागारकाका मागून म्हणाले, "मुळीच सही करू नका. सही केलीत की वादळात डिश उडाली तरी जबाबदारी तुमची." मी पेन खिशात ठेवलं. आम्ही तिघं खाली मालकांकडे गेलो. मालकांनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला आणि "अर्ज विचाराधीन असताना सही करता येत नाही" म्हणून परत दिला. मेकॅनिकनं कागद घडी करून खिशात घातला आणि एक शब्दही न बोलता निघून गेला. त्याच्या जागी मी असतो तर एखादा तरी शब्द बोललो असतो.

त्या रात्री जेवताना बायकोनं ताटात भाजी वाढली. वाढता वाढता "उद्या बुधवार," असं म्हणाली.

बुधवारी सकाळी मी दाढी करत असताना मालकांनी खालून हाक मारली. चेहरा प्रसन्न होता. "मी जागेची पाहणी केली. डिश जोडलेली नाही. खात्री करून घ्या."

मी अर्ध्या दाढीनं गच्चीवर पळालो. काल चार स्क्रू होते तिथे आता चार भोकं होती. डिश आपल्या स्टँडवर नुसती उभी होती आणि पडू नये म्हणून स्टँडवर एक वीट ठेवली होती. कठड्यावर ताजा गंज सांडला होता.

"तुम्ही स्क्रू काढलेत," मी खाली येऊन म्हणालो.

"आजची परिस्थिती काय आहे तेवढं बोला," मालक म्हणाले. "ठेवलेली आहे. कलम चौदाप्रमाणे तुमची. अभिनंदन."

मला इतका संताप आला की मी उरलेली दाढी चुकीच्या दिशेनं केली. कोर्टाच्या दफ्तरात जन्म काढलेला माणूस पहाटे चोरासारखा गच्चीवर जाऊन स्क्रू काढतो म्हणजे काय? ऑफिसात साहेबांनी अहवाल मागितला तेव्हा मी सांगितलं, "वस्तू आपल्याकडे वर्ग झाली आहे." साहेब म्हणाले, "छान." आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डिश माझी म्हणजे सही माझी. सही माझी म्हणजे मेकॅनिक येणार. मालकांनी मला बुडवायला म्हणून जे केलं, त्यानंच माझं घोडं गंगेत न्हाणार होतं.

गुरुवारी सकाळी मेकॅनिक आला. मी ऐटीत सही केली. दहा मिनिटं म्हणाला होता, सात मिनिटांत चित्र आलं. असं स्वच्छ की बातम्या देणाऱ्या बाईंच्या कानातलं दिसत होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती. मग चहात साखर नेहमीपेक्षा जास्त पडली.

"स्क्रू लावून घ्या," जाताना मेकॅनिक म्हणाला. "वारा सुटला तर फिरेल."

आता ऐका. भाडेकराराचं कलम सात असं की, भाडेकरूनं भिंतीत, छतात अथवा कठड्यात खिळा किंवा स्क्रू मारल्यास त्यानं जागा सोडायची. म्हणजे स्क्रू मी लावले तर घर जाणार, आणि मालकांनी लावले तर डिश त्यांची होणार. मी मालकांना विचारलंही. त्यांनी कानावर हात ठेवले. मग मी गच्चीवर जाऊन आणखी तीन विटा ठेवल्या, कपडे वाळत घालायची दोरी सोडून डिशला चार वेढे दिले आणि दिवसभरात सहा वेळा जाऊन पाहून आलो. वारा नव्हता. मी मात्र दर वेळी बोट ओलं करून हवेत धरत होतो.

चार वाजता दादा आणि वहिनी आले. वहिनीनं आमचा टीव्ही पाहिला आणि म्हणाली, "हा अजून चालतो? आमचा आता भिंतभर आहे." सल्लागारकाका बोलावल्याशिवाय आले. मालकीणबाई आल्या त्या सरळ जिन्यानं, कुणापासूनही न लपता, ठेवणीतली साडी नेसून. खुर्च्या भरल्या. बायको मागे दाराशी उभी होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. इतक्या वर्षांत मी तिला घाबरलेली पाहिली नव्हती.

चार सत्तावीसला वारा सुटला. आधी खिडकी आपटली. मग पडद्यावरच्या बाईंचे चौकोनी तुकडे झाले, मग तुकडे जागच्या जागी थिजले आणि मग ती निळी पाटी.

वहिनीनंसुद्धा टोमणा मारला नाही, आणि ते जास्त लागलं. मी बायकोकडे न पाहता गच्चीकडे धावलो.

दोरी सुटून फडफडत होती. डिशनं तोंड फिरवलं होतं आणि ती शेजारच्या पाण्याच्या टाकीकडे पाहत होती. मी तिला मिठी मारली आणि अंदाजानं वळवली. जिन्यात सल्लागारकाका उभे राहून खालचं वर कळवू लागले, "डावीकडे. जास्त झालं. तुमच्या डावीकडे नव्हे हो, डिशच्या. आलं, आलं. गेलं." वारा माझं ऐकेना. एवढ्यात दुसऱ्या बाजूनं आणखी दोन हातांनी डिश धरली. मालक होते. धापा टाकत होते.

"हिनं पाठवलं," ते म्हणाले. "म्हणाली, चित्र गेलं तर जेवायला घरी येऊ नका."

"आलं!" काका ओरडले. "हलू नका. आता तुमच्या सौभाग्यवती दिसतायत पडद्यावर."

आम्ही हललो नाही. दोन पोक्त गृहस्थ एका तबकडीला दोन्हीकडून कवटाळून उभे, नाकाला नाक लागेल इतके जवळ. काका धावत खाली गेले, त्यांनाही बघायचं होतं.

"मालक," मी म्हणालो, "हातात धरलेली वस्तू कलम चौदाप्रमाणे कुणाची?"

त्यांनी खरंच विचार केला. "तशी तरतूद नाही," ते म्हणाले. "ती राहून गेली."

खालून जिन्यातून हसण्याचा आवाज आला. पाचही जण हसत होते. शब्द मात्र एकही कळेना. मग एकदम सगळे गप्प झाले. ते गप्प होणं मला सहन होईना. काय झालं असेल? चुकली? अडखळली? वहिनी काय म्हणाली? पाय नुसते शिवशिवत होते, आणि हात सोडता येत नव्हते. हिला घाम फुटला असेल तर समोर मी असायला हवा होतो, असं मला फार वाटलं.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मग एक हात सोडून शर्टाच्या खिशात घातला आणि चार स्क्रू बाहेर काढले. दुसऱ्या खिशातून पेचकस.

"बुधवारपासून खिशातच आहेत?" मी विचारलं.

"धरा नीट. आणि याची कुठे नोंद करू नका," ते म्हणाले.

मी धरली, त्यांनी पिळले. वयाच्या मानानं हात चपळ होते, पण तिसरा स्क्रू पडला आणि तो शोधण्यात वेळ गेला. चौथा घट्ट बसला तेव्हा मी मालकांना मागे टाकून जिना उतरलो आणि बाहेरच्या खोलीत शिरलो. टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती.

सगळे माझ्याकडे पाहत होते. वहिनीचे डोळे ओले होते आणि ती हसतही होती.

"भावोजी," ती म्हणाली, "जरा वळा बघू. कॉलर बघू द्या तुमची."

"का? काय झालं?"

"कार्यक्रमात हिनं झिजलेली कॉलर कशी उसवायची, उलटी करून पुन्हा कशी शिवायची ते दाखवलं," दादा म्हणाला. "कार्यक्रम चालवणाऱ्या बाईंनी विचारलं, हे शिकलात कुठे? तर ही म्हणाली, आमच्या ह्यांच्या शर्टांवर. गेली नऊ वर्षं ह्यांच्या प्रत्येक शर्टाची कॉलर मी उलटवते आहे, आणि ह्यांना अजून पत्ता नाही."

मी कॉलरीला हात लावला. आतल्या बाजूला बोटाला बारीक टाके लागले. एकसारखे, जवळजवळ. ऑफिसात या शर्टाचं कापड किती टिकाऊ निघालं, हे मी साहेबांना दोन वेळा सांगितलं होतं. आता साहेबांनी हा कार्यक्रम पाहिला नसेल एवढीच आशा. पण ती लाज वरवरची होती. खरी लाज वेगळीच होती. ही माझ्या गळ्याशी इतकी वर्षं टाके घालत होती, आणि मी तिला बस मिळाली का, म्हणून विचारत होतो.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हणालो.

"आज कळावं म्हणूनच तर चार दिवस बोलले नाही. जाऊबाईंना दाखवायचं असतं तर त्यांच्याच घरी नसते का गेले? त्यांचा टीव्ही भिंतभर आहे." तिनं माझी कॉलर नीट केली. "सगळ्यांनी पाहिलं. ज्यानं बघायचं, तो गच्चीवर."

"अगं, ती डिश कुणाची, हे एकदा ठरलं असतं तर..."

"तुम्ही दोघं रविवारपासून तेच करताय," ती म्हणाली. मालक एव्हाना दारात येऊन उभे होते, त्यांच्याकडेही तिनं एकदा पाहून घेतलं. "मी नऊ वर्षांत एकदा तरी विचारलं का, कॉलर कुणाची आहे म्हणून? झिजलेली दिसली, उलटवली."

मालकांकडे याचं उत्तर असेल म्हणून मी वळून पाहिलं. पेचकस धरलेला हात त्यांनी सावकाश वर नेला आणि स्वतःच्या कॉलरीच्या आतून बोट फिरवलं. मालकीणबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.